मामीचं माहेर जूनमध्ये

मे महिना लागला की नाशिकच्या गच्च्यांवर आता फारशा कुरडया दिसत नाहीत, पण पुरवण्यांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर आजोळच्या आठवणींचं वाळवण मात्र नेमाने पडतं. अढीतले आंबे, गच्चीवर घातलेल्या गाद्या, आजीच्या हातचं काहीतरी, आणि शेवटी एक उसासा, ‘आताच्या मुलांना हे सुख कुठलं’. मी स्वतः असे दोन-तीन लेख लिहिले आहेत. लोकांनी ते डोळे पुसत वाचल्याचं कळवलंही होतं. आज त्याच विषयावर थोडं उलट लिहायचं आहे, कारण गेल्या उन्हाळ्यात इगतपुरीला मामीच्या स्वयंपाकघरात बसले असताना ती सहज एक वाक्य बोलून गेली आणि माझे ते सगळे लेख नासले.

मी म्हणत होते, “मामी, मे महिना आला ना, की मला अजून तुमच्या घराचा वास येतो.”

मामी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुला वास येतो. मला पोटात गोळा येतो.”

आमचं आजोळ इगतपुरी. नाशिकरोडहून गाडीने पन्नासएक किलोमीटर. देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी, की आलंच. एवढ्याशा अंतरावर कसली ‘गावाला’ जायची सुट्टी, असं कुणी म्हणेल. त्यात गंमत अशी की नाशिक आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, दोन्ही सहाशे मीटरच्या आसपास. पण इगतपुरी सह्याद्रीच्या ऐन कडेवर बसलेली. खाली कसारा, त्याच्या खाली कोकण, आणि दुपार कलली की दरीतून वर चढणारं वारं. नाशिकचा पारा चाळिशी ओलांडायचा त्या दिवसांत आम्ही तिथे रात्री गोधडी ओढून घ्यायचो.

आजोबा रेल्वेत, लोको शेडला फिटर. १८६५ साली थळ घाट चढून रेल्वे वर आली आणि तेव्हापासून हे गाव रेल्वेच्याच घड्याळावर चालत आलं. घाटाचा चढ ‘सदतिसाला एक’, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती ढकलत गाडी वर आणतात, इगतपुरीला सुटतात आणि मोकळी परत घाट उतरतात. ते बघत आम्ही पुलावर तास तास उभे राहायचो. पानाच्या द्रोणातली करवंदं एकेक फोडायची, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हे सगळं खरं आहे. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींची यादी केली तर पहिल्या पाचांत ते असेल. फक्त त्या घरात आम्ही सहा आठवडे राहायचो म्हणजे तिथे काय काय चालायचं, हे मी पन्नाशी उलटेपर्यंत मोजलं नव्हतं.

आता मोजते. आजी-आजोबा, मामा-मामी, त्यांची दोन मुलं. आई आणि आम्ही तिघं. मावशी आणि तिची तिघं. चौदा माणसं. वडील आणि काका रविवारी यायचे ते वेगळे. माणशी चार पोळ्या धरल्या तरी दोन वेळच्या शंभरावर जातात, आणि त्या शंभर पोळ्या रॉकेलच्या स्टोव्हवर, ज्याचं रॉकेल रेशनवर. नळ दिवसाआड, तोही पहाटे. मामी साडेतीनला उठून रांगेत हंडे लावायची. मामाची रात्रपाळी असली की दिवसा तो झोपणार, म्हणून बारा वाजता आठ पोरांना गप्प बसवायचं काम पुन्हा तिचंच. आणि याच महिन्यात वर्षाचं वाळवण. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक निवळू द्यायचा, पहाटे चुलीवर शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्यातून कुरडया पाडून मोकळं व्हायचं. मग नागलीचे पापड, उडदाचे पापड, शेवया. आम्हाला आठवतो तो वाटीतला गरम चीक, दूध-साखर घालून. तो चीक हलवताना मामीच्या हाताला आलेले फोड आम्हाला आठवत नाहीत, कारण ते आम्ही पाहिलेच नव्हते.

खरं तर मी बारा वर्षांची झाल्यावर थोडे पाहिले. त्या वर्षीपासून मुलगे घाटनदेवीकडे उंडारायला जायचे आणि मला पापड लाटायला पाट मिळाला. माझ्या मावसभावाच्या आठवणीतला मे महिना आणि माझ्या आठवणीतला मे महिना तिथे फुटतात. आजोळावर गहिवरून लिहिणाऱ्यांत पुरुष जास्त का, याचं उत्तर मला त्या पाटाजवळ सापडतं. (अपवाद असतील. मला पत्रं लिहू नयेत.)

मामीचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. मे महिन्यात तिचे भाऊ-भावजय, बहिणी, सगळी तिकडे जमायची. ही नसायची. नणंदा माहेरपणाला आलेल्या असताना सुनेने उठून आपल्या माहेरी जायचं, हे त्या काळच्या घरात बसत नव्हतं. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला परतलो, गाद्या वाळवून आत गेल्या, की मग मामी तीन-चार दिवसांसाठी सिन्नरला. तोवर तिच्या बहिणी आपापल्या सासरी गेलेल्या, आंबे संपलेले, पाऊस दारात आणि पोरांची शाळा तोंडावर. माझा मामेभाऊ एकदा हसत हसत म्हणाला होता, “तुम्ही मामाच्या गावाला यायचात. आम्ही कुणाच्या गावाला जायचं?” आम्ही सगळे त्यावर हसलो होतो. तो चांगला विनोद आहे असं मला वाटलं होतं.

एका घरातल्या मुलांचं आजोळ हे दुसऱ्या एका बाईचं सासर असतं. एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं लिहायची राहिले.

म्हणून आजोळ ‘हरवलं’ हा शब्द मला आता खटकतो. आजोळ ही एक व्यवस्था होती. शाळा बंद असताना सहा आठवडे मुलांना सांभाळायचं, खाऊ घालायचं, उन्हापासून लांब ठेवायचं, मामे-मावस भावंडांची ओळख टिकवायची, घरचं बोलणं आणि खाणंपिणं पुढच्या पिढीच्या अंगात मुरवायचं, एवढी सगळी कामं ती करत होती. सरकारला त्यासाठी एक रुपया पडत नव्हता, कारण तो खर्च मामीच्या खात्यावर पडत होता. मामीची मुलगी आता नाशिकला बँकेत आहे. सकाळी नऊला घर सोडते, सातला येते. तिच्याकडे मे महिन्यात आठ पोरं आणून सोडावीत असं कुणी सुचवलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, आणि ती बरोबरच म्हणेल. व्यवस्था मोडली ती काम करणाऱ्या बाईने हात वर केले म्हणून. ते वाईट झालं असं मला म्हणता येत नाही.

इथवर आलं की काही जण लगेच पुढची उडी मारतात. आजोळ राहिलं नाही, मुलं घरात मोबाइल घेऊन लोळतात, मग एवढी लांब सुट्टी हवी कशाला? कमी करा. इथे माझं आणि त्यांचं बिनसतं.

ही नुसती गप्पांमधली सूचना नाही. २०२५ साली राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवल्या गेल्या. आधी त्या एप्रिलच्या सुरुवातीला, फार तर मध्याला उरकत. त्यामागचं कारण सांगितलं गेलं ते अगदीच टाकाऊ नव्हतं. परीक्षा लवकर संपली की मुलं शाळेत फिरकत नाहीत, एप्रिल वाया जातो, अध्यापनाचे दिवस भरत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिले आहेत. आपल्या राज्यात वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत असाही नियम आहे. म्हणजे मेमधला आठवडा वाढवायचा तर दिवाळीतला कापावा लागतो. त्यातच केंद्रीय मंडळाच्या शाळांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, आपलं जूनमध्ये, तेव्हा आपणही तसंच करावं, असा सूर तेव्हापासून लागला आहे. शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगावचे. एप्रिलअखेरच्या दुपारी मालेगावात पत्र्याच्या छपराखाली बसणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला नको.

माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टी कॅलेंडरने ठरवू नये, उन्हाने ठरवावी. दिल्लीतला जून आणि आपला जून एक नव्हे. तिकडे जूनमध्ये लू वाहत असते, इकडे पेरणीची घाई असते. आपला जाच मार्चअखेरीपासून मेअखेरीपर्यंतचा. सकाळची शाळा करून थोडं भागतं, पूर्ण भागत नाही, कारण मूल शाळेत जितका वेळ असतं तितकाच वेळ येण्या-जाण्याच्या आणि नंतरच्या दुपारच्या उन्हातही असतं. पंखा असून वीज नाही, पाण्याची टाकी आहे पण तिच्यातलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं, अशा शाळा मी नाशिक शहरातच पाहिल्या आहेत, पाड्यावर जायचीही गरज नाही. आणि गेल्या काही वर्षांत उन्हाळ्याचाही भरवसा राहिलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस असा ठाण मांडून बसला की मामीच्या कुरडया बुरसल्या, आणि २६ मेला मान्सून थेट मुंबईत. पुढच्या वर्षी तसं होईलच असं नाही. तेव्हा सगळ्या राज्याला एकच तारीख लावण्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्याला थोडी मोकळीक असावी. विदर्भाच्या शाळा आठवडाभर उशिरा उघडतातच की. ते चालतं, तर इगतपुरी आणि मालेगाव या एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांना वेगळी तारीख का चालू नये?

सुट्टीत मुलं विसरतात, हा मुद्दा खरा आहे. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातलं मूल जास्त विसरतं, हेही खरं. पण त्यावर उपाय म्हणून त्याला त्याच तापलेल्या वर्गात आणखी पंधरा दिवस बसवणं हे मला पटत नाही. ज्याला पुस्तक नाही त्याला पुस्तक द्या.

आणि सुट्टी कापायची म्हणणारे कुणाची सुट्टी कापायची म्हणतात, तेही बघावं. ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांची सुट्टी आधीच गेलेली असते. एप्रिलमध्ये जेईई, मग सीईटी, मेच्या पहिल्या रविवारी नीट. त्या मुलाचं धाकटं भावंडही मग घरातच अडकतं. नववीची परीक्षा संपते न संपते तोच दहावीची ‘व्हेकेशन बॅच’ सुरू होते. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर मे महिन्यात सकाळी सातला दप्तरं घेऊन चाललेली मुलं पाहिली की वाटतं, सुट्टी कमी करायचा सरकारी निर्णय व्हायची वाट कुणी पाहिलीच नाही. ज्यांना परवडतं त्यांनी ती स्वतःच्या पैशाने कापून घेतली. उरले ते ज्यांना ना क्लास परवडत, ना आजोळ आहे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी आठ वर्षांची. जूनपासून एप्रिलपर्यंत ती शाळेत असते, तिथे तिला दुपारचं जेवण मिळतं. मे महिन्यात ताई सहा घरं करतात तेव्हा ती कुठे असते? पहिल्या वर्षी खोलीला बाहेरून कडी लावून. दुसऱ्या वर्षी शेजारणीकडे, दिवसाला वीस रुपये देऊन. या वर्षी ताईंबरोबर, आमच्या जिन्यात बसून. आजी आहे, पेठ तालुक्यातल्या पाड्यावर. पण उन्हाळ्यात तिथे विहीर तळाला गेलेली असते आणि आजी स्वतः रोजगार हमीच्या कामावर.

हे काही एका घराचं गाऱ्हाणं नाही. कायदे काढून बघा. कारखान्यांच्या १९४८ च्या जुन्या कायद्यात, तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पाळणाघर हवं होतं, पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. अंगणवाडी, सहा वर्षांपर्यंत. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली, पन्नास माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं, तिथेही चिमुकल्यांचाच विचार. सहा ते चौदा वयाच्या मुलाची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याने शाळेवर टाकली. पण शाळा मे महिन्यात बंद. म्हणजे सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल मे महिन्याच्या दुपारी कुणाच्या ताब्यात असावं, हे आपल्या एकाही कायद्याला सुचलेलं नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पाळीवर जाणाऱ्या बाईने काय करायचं? कायदा गप्प राहू शकला, कारण तो गृहीत धरून बसला होता की कुठेतरी एक मामी असेल.

पोषण आहाराचंही तेच. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण द्यायला सांगितलं होतं. दुष्काळ जाहीर झाला तर जेवण, नाहीतर नाही. जणू दुष्काळ जाहीर झाला नाही की पोरांना मे महिन्यात भूक लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर सुट्टीचे आणखी दोन प्रकार आहेत आणि ते पुरवण्यांत कधीच छापून येत नाहीत. सुरगाणा-पेठ-हरसूलकडची कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येतात. तोडणी होते, मग एप्रिलची खरड छाटणी. आई-बाप बागेत, आणि मोठी मुलगी बांधावर धाकट्याला घेऊन. तिची सुट्टी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली हे तिलाही सांगता येणार नाही. दुसरा प्रकार आश्रमशाळेतल्या मुलांचा. त्यांचं आयुष्य आपल्या बरोबर उलटं. वर्षभर घरापासून लांब, आणि मे महिन्यात स्वतःच्याच घरी. आपल्याला आजोळ म्हणजे जशी चैन, तशी त्यांना आईच्या हातची भाकरी. सुट्टी आठवड्याने कापू म्हणणाऱ्याने हा आठवडा कुणाच्या ताटातून जातो ते आधी पाहावं.

मग काय करायचं? मला मोठ्या योजनांची भीती वाटते. त्यांचं आधी बोधचिन्ह तयार होतं, मग उद्घाटन, मग काहीच नाही. माझ्या मनात आहे ते फार साधं. नाशिक महापालिकेच्या शंभरच्या आसपास शाळा आहेत. बहुतेकींना थोडंफार मैदान, एखादं तरी झाड, नळ आणि शौचालय आहे. मे महिन्यात या सगळ्याला कुलूप असतं. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात ते फाटक उघडावं. शिकवायचं काही नाही. शिक्षकांना बोलवायचं नाही, त्यांनाही सुट्टी हवी, आणि त्यांच्याही घरी पोरं आहेत. दोन माणसं देखरेखीला, पगार देऊन. पगार देऊन हे मी मुद्दाम म्हणते, कारण ‘स्वयंसेवक’ म्हटलं की पुन्हा कुठली तरी मामीच येणार. दुपारी एक वर्ग, एक पंखा, एक पेटीभर पुस्तकं, आणि वर्षभर मिळतं तेच जेवण.

वाचनालयांचं तर घोडं अगदी दाराशीच बांधलेलं आहे. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, सरकारी अनुदान घेणारी हजारो वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांतली कितीतरी दुपारी बंद असतात, नेमक्या त्याच वेळी जेव्हा पोरांना सावली हवी असते. अनुदानाच्या अटींत मे महिन्यातल्या दुपारचे चार तास घालायला कुठलं विधेयक लागत नाही.

आणि नाशिकला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते ती याच मे महिन्यात, महिनाभर, रोज संध्याकाळी, उघड्यावर, आणि तिकीट नाही. या परंपरेने शंभरी ओलांडली आहे. मोठ्या माणसांची मे महिन्यातली संध्याकाळ ही सगळ्या गावाची बाब आहे, हे या शहराला एका शतकापूर्वीच कळलं होतं. लहान पोरांच्या दुपारीची बाब मात्र आपण घराघरांतल्या बायकांवर सोडून दिली. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा हेच शहर रस्त्यावर उतरलं होतं. सावली ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे आपल्याला कळतं, फक्त ती कुणासाठी हा प्रश्न आपण अर्धाच विचारतो.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, “म्हणजे तू आजोळच्या जागी महापालिका बसवणार? आजीची माया काय कारकून देणार?” नाही देणार. मायेचं काम मायेने व्हावं, पण शंभर पोळ्यांचं काम मायेवर ढकलू नये. एवढा भार उतरला तर आजीलाही नातवंडं चार दिवस आली तर आनंद होईल, आणि ती आनंदाने आणखी चार दिवस ठेवून घेईल. आजची आजी तशीही वेगळी आहे. तिला गुडघे आहेत, भिशी आहे, तिच्या सहली ठरलेल्या असतात. असाव्यात.

राहता राहिलं खुद्द आजोळचं गाव. इगतपुरी आता ‘वीकएंड डेस्टिनेशन’ आहे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मुंबईकर कधी घाट चढला ते त्यालाच कळेनासं झालं. सेकंड होम, रिसॉर्ट, ‘व्हॅली व्ह्यू’. मामीच्या घरासाठीही एजंटचे फोन येतात. मला त्या लोकांचा राग नाही, तेही बिचारे गार वारा शोधत येतात, आम्ही यायचो तसेच. पण पाण्याचं गणित बघा. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत इगतपुरीचं नाव. १९१६ सालचं दारणा धरण इथलं, मुकणे इथलं, भावली इथलं, वैतरणाही याच डोंगरांतलं. त्यातलं पाणी मुंबईला जातं, खाली मराठवाड्याकडे जातं, आणि नाशिक शहरालाही येतं. माझ्या फ्रिजमधल्या बाटलीत जे पाणी आहे त्यात दारणा-मुकण्याचा वाटा आहे. आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला, कोरड घशाला. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही चौदा माणसं जे पाणी वापरायचो ते मामी साडेतीनला उठून भरायची. आता शनिवार-रविवारी येणाऱ्यांचं पाणी कोण भरतं, हे मी त्या पाड्यांवरच्या बायांना विचारलेलं नाही. विचारायला हवं.

मामी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. त्या दिवशी लसूण सोलून झाल्यावर मी तिला म्हटलं, या वर्षी मे महिन्यात नाशिकला माझ्याकडे या, पंधरा दिवस, काही करायचं नाही. ती म्हणाली, “तुझ्याकडे ऊन फार.” मग थोड्या वेळाने, “सिन्नरला नेशील? भाऊ आहे अजून.”

नेलं. २० मेला. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदा मे महिन्यात माहेरी जेवली. भाऊ अंथरुणाला खिळलेला, भावजयीला दिसत कमी. रसाचे आंबे होते.

परत आल्यावर मी आमच्या भागातल्या शाळेच्या फाटकाबद्दल अर्ज लिहिला. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन तास. पोच मिळाली आहे, पुढे काही कळलेलं नाही. मधल्या काळात तिथल्या रखवालदाराने त्याच्या जबाबदारीवर संध्याकाळी लहान दार उघडं ठेवायला सुरुवात केली. सहा-सात पोरं येतात, ताईंची मुलगी त्यांतली एक. अट एकच, चेंडू भिंतीपलीकडे गेला तर आणायला त्याला सांगायचं नाही.